जीर्णातील नवोन्मेष : मराठी वाङ्मयातील अरण्यदर्शनाचा एक विचार

मराठी समीक्षेत 'निसर्गवर्णन' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. नदीकाठचा सूर्योदय, श्रावणातली सर, माळावरचे एकाकी झाड आणि शतकानुशतके उभे असलेले अरण्य या सर्वांना हा एकच शब्द पुरतो, असे जणू गृहीत धरलेले असते. परंतु जीर्ण अरण्य हा इतर निसर्गविषयांसारखा विषय नाही. त्याचे वय कोणाही निरीक्षकाच्या वयाहून अधिक असते. त्यात घडणारे बदल एका ऋतूत किंवा एका आयुष्यात पुरते दिसत नाहीत. आणि मृत व सजीव यांच्यातील सीमारेषा तेथे बागेतल्यासारखी वा शेतातल्यासारखी आखता येत नाही. अशा अरण्यात जीवनाचे जे निःशब्द नूतनीकरण अव्याहत चालते, त्याचे आकलन मराठी लेखकांनी कसे केले, आणि ते करताना परंपरेतील कोणत्या पूर्वसंस्कारांनी त्यांना साहाय्य केले वा अडविले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी ज्ञानेश्वरीचा पंधरावा अध्याय, दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६), व्यंकटेश माडगूळकर यांची 'सत्तांतर' (१९८२) ही छोटी कादंबरी आणि मारुती चितमपल्ली यांचे ललित गद्य यांचा मुख्यतः आधार घेतला आहे.

आरंभी जीर्ण अरण्यात प्रत्यक्ष काय घडते याची नोंद करणे अवश्य आहे. एखादा प्रचंड वृक्ष वठतो, परंतु लगेच कोसळत नाही. कित्येक वर्षे तो उभाच असतो. सुतारपक्षी त्याच्या खोडात भोके पाडतात. पुढे त्याच ढोल्यांत पोपट, पिंगळे, साळुंक्या संसार थाटतात. धनेशासारख्या मोठ्या पक्ष्याला तर जुन्या, रुंद खोडातील नैसर्गिक ढोलीच लागते. मादी आत बसते, ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि अरुंद फटीतून नर तिला फळे भरवितो. कोवळ्या झाडांच्या रानात धनेशाचे घरटे होऊ शकत नाही. पुढे तो वृक्ष कोसळला म्हणजे वरच्या दाट छतात भगदाड पडते आणि तेथून ऊन जमिनीवर उतरते. सावलीत वर्षानुवर्षे वीत दीड वीत उंचीवर थांबून राहिलेली रोपे त्या उन्हाने एकाएकी वाढीला लागतात. खाली पडलेल्या खोडात वाळवी व बुरशी शिरते, त्यावर शेवाळ धरते, पावसाळ्यात अळंबी उगवतात आणि काही दशकांनी त्या खोडाची माती होते. मध्य भारतातील सालवनांत याहूनही विलक्षण प्रकार आढळतो. सालाचे रोप उन्हाळ्याच्या शोषाने, थंडीने वा वणव्याने वरून मरते आणि पुढल्या पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटते. असे अनेक वर्षे चालते. वरून पाहणाऱ्यास ते तेवढेच खुरटे दिसते, परंतु भूमीखाली मूळ जाड होत असते. आणि ते पुरेसे समर्थ झाले म्हणजे एका वर्षी त्यातून निघालेला कोंब पुन्हा मरत नाही.

या वस्तुस्थितीतून एक निष्कर्ष निघतो. जीर्ण अरण्यात जुने हे नव्याच्या विरोधी नसते. ते नव्याचे अधिष्ठान असते. वठलेला वृक्ष हलविला तर ढोली जाते, पडलेले खोड उचलले तर माती जाते. वाङ्मयाला वनस्पतिशास्त्राच्या कसोटीला लावावे काय, असा आक्षेप येथे संभवतो. तो अंशतः योग्य आहे. कोणत्याही ललितकृतीकडून शास्त्रीय बिनचूकपणाची अपेक्षा करणे हे रसिकतेचे लक्षण नव्हे. तथापि प्रश्न माहितीच्या अचूकपणाचा नसून दृष्टीच्या आवाक्याचा आहे. एखाद्या लेखकाने योजलेली प्रतिमा, त्याने निवडलेला कालखंड आणि त्याची वाक्यरचना या गोष्टी अरण्याच्या संथ, परस्परावलंबी जीवनाला सामावून घेऊ शकतात की नाही, हा सर्वस्वी वाङ्मयीन प्रश्न होय.

जुने आणि नवे यांविषयीचा मराठी मनाचा संस्कार मुख्यतः दोन दृष्टान्तांनी घडलेला आहे. पहिला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा. मनुष्य जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो, तसा देही जुनी शरीरे टाकतो. या दृष्टान्तात जुने टाकले जाते. ते कोठे जाते, त्याचे काय होते, याच्याशी वक्त्याला कर्तव्य नाही. दुसरा दृष्टान्त पंधराव्या अध्यायातील ऊर्ध्वमूल अश्वत्थाचा. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये या अश्वत्थाचा जो विस्तार केला, तो मराठीतील वृक्षचित्रणाचा एक परमोच्च बिंदू मानला पाहिजे. 'अश्वत्थ' म्हणजे जो उद्यापर्यंत टिकत नाही तो. मग त्यालाच 'अव्यय' कसे म्हटले, या विसंगतीचा परिहार करताना त्यांनी असे दाखविले आहे की, या वृक्षाच्या फांद्या गळतात न गळतात तोच नव्या फुटतात, आणि हे इतक्या वेगाने घडते की पाहणाऱ्यास वृक्ष जसाच्या तसा वाटतो. क्षणभंगुरत्व आणि सातत्य ही एकाच प्रक्रियेची दोन रूपे आहेत, हे तत्त्व येथे वृक्षाच्या रूपाने साक्षात झाले आहे.

आधुनिक वनविज्ञानालाही मान्य होईल अशी ही दृष्टी सात शतकांपूर्वी मराठीत प्रकट झाली, याचे कौतुक अनेकांना वाटेल आणि ते अस्थानी नाही. परंतु त्या रूपकाचा हेतू विसरून चालणार नाही. हा वृक्ष संसाराचा आहे, आणि असंगाच्या शस्त्राने तो छेदावा यासाठीच त्याचे वर्णन आरंभिले आहे. वृक्षाचे अविरत पुनरुज्जीवन हे तेथे मोहाचे कारण ठरते. त्या नित्य फुटणाऱ्या पालवीला भुलू नये, हा उपदेश आहे. म्हणजे मराठी वाङ्मयात वृक्षाच्या नूतनीकरणाचे सर्वांत समर्थ चित्र त्या वृक्षाच्या छेदनाचा अधिकार सिद्ध करण्यासाठी रेखाटले गेले. आध्यात्मिक संदर्भात यात काहीच वावगे नाही. तथापि या रूपकाच्या छायेत वाढलेल्या वाङ्मयाला प्रत्यक्ष वृक्ष हा केवळ वृक्ष म्हणून पाहण्यास दीर्घकाळ लागला, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

ते पाहणे मराठी ललित गद्यात पूर्णत्वाने अवतरले ते 'ऋतुचक्रा'त. दुर्गा भागवत (१९१०–२००२) या मूळच्या मानववंशशास्त्र व लोकसाहित्य यांच्या अभ्यासक. मध्य भारतातील आदिवासी प्रदेशांत त्यांनी संशोधनासाठी भ्रमंती केली आणि तेथे जडलेल्या दुखण्याने त्यांना दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले. या कालखंडाचा आणि त्यांच्या निसर्गदृष्टीचा संबंध अनेकांनी जोडला आहे. तो जोडताना भावुकता टाळली पाहिजे; परंतु एकाच जागी राहून तीच ती झाडे दिवसामागून दिवस न्याहाळण्याची जी सवय 'ऋतुचक्रा'त दिसते, ती सक्तीच्या स्थैर्यातून अधिक सूक्ष्म झाली असणे असंभवनीय नाही. चैत्रापासून आरंभ करून एकेका मासाला एकेक लेख वाहिलेल्या या पुस्तकात पालवी ही अलंकार म्हणून येत नाही. 'वसंतहृदय चैत्र' या पहिल्याच लेखात पिंपळाच्या कोवळ्या पानांचे रंग, वेलींचे बहर, पक्ष्यांची घरटी यांच्याबरोबर घाणेरीसारख्या उपेक्षित झुडपालाही मानाचे स्थान मिळाले आहे. मोगरा-कमळ-आम्रमंजरी या सांकेतिक त्रयीच्या पलीकडे मराठी गद्याची नजर नेण्याचे श्रेय या लेखनाला निःसंशय द्यावे लागते.

'ऋतुचक्रा'चे आणखी एक मर्म सहसा दुर्लक्षिले जाते. ऋतू हा सर्व वृक्षांना एकाच क्षणी लागू होणारा हुकूम आहे ही समजूत या लेखनाने मोडून काढली. एक वृक्ष निष्पर्ण असतो तेव्हा दुसरा फळांनी लगडलेला असतो आणि तिसरा नुकताच पालवत असतो. आपल्याकडील पानझडी रानांचे तर हे वैशिष्ट्यच आहे. पळस पाने टाकून फुलतो, मोहाची फुले उघड्या फांद्यांवरून पहाटे गळतात, कोशिंबाची पालवी चैत्रात तांबडीभडक दिसते. आणि पाऊस अद्याप दोन महिने दूर असताना, जमीन तापून भेगाळली असताना, मुळांनी खोल साठविलेल्या ओलाव्याच्या बळावर रान हिरवे होऊ लागते. युरोपातील वसंत हिमाच्या अंती येतो. आपला वसंत तापाच्या ऐन मध्यावर येतो. हा भेद ज्या गद्याने प्रथम अनुभवाच्या पातळीवर आणला, त्याचे मोल केवळ 'काव्यात्म' या विशेषणाने होत नाही. दुर्गाबाईंनी पुढे १९६५ मध्ये थोरोच्या 'वॉल्डन'चा अनुवाद केला. परंतु 'ऋतुचक्र' त्याआधीचे आहे, आणि त्याची कालगणना, त्याचे वृक्ष व त्याची संवेदना ही सर्व येथल्याच मातीतील आहेत.

असे असूनही 'ऋतुचक्रा'ची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. बारा मासांचे वर्तुळ हे पानांचे, फुलांचे, मेघांचे आयुष्य सामावून घेण्यास पुरेसे असते; वृक्षाचे आयुष्य त्यात मावत नाही. चक्र पुन्हा चैत्रापाशी येते तेव्हा काहीच गमावलेले नसते. ज्या खोडाची माती होण्यास चाळीस वर्षे लागतात, ज्या रोपाला उन्हाची वाट पाहण्यात एक पिढी घालवावी लागते, त्यांना या चक्रात स्थान नाही. हा लेखिकेचा दोष म्हणता येणार नाही. तिने निवडलेल्या रूपबंधाचा तो अपरिहार्य परिणाम होय. परंतु पुढील मराठी निसर्गलेखनाने हा रूपबंध जवळजवळ एकमेव म्हणून स्वीकारला, आणि त्यामुळे 'नूतनीकरण म्हणजे पालवी' हे समीकरण दृढ झाले. याचा परिणाम शब्दकळेवरही झालेला दिसतो. वस्तुतः शेतकऱ्याच्या व रानकऱ्याच्या बोलीत या बाबतीत कितीतरी सूक्ष्म भेद आहेत. झाड 'वाळते' तेव्हा आशा असते, 'वठते' तेव्हा नसते. बुडख्यातून निघतो तो 'फुटवा', फांदीवर जोमाने येतो तो 'धुमारा', बीजातून येतो तो 'अंकुर', मुळावरून दूर अंतरावर उगवतो तो कोंब वेगळाच. तोडलेल्या सागाला फुटवे येतात म्हणून रान पुन्हा आले असे कोणी म्हणू लागला, तर जाणता रानकरी ते मान्य करणार नाही. साहित्याच्या भाषेत मात्र हे सर्व 'पालवी' या एका शब्दात विरघळून गेले.

माडगूळकरांच्या 'सत्तांतरा'ने या सौम्य चित्राला छेद दिला. वानरांच्या कळपातील नायकत्वाचा संघर्ष हा या कादंबरीचा विषय. बाहेरचा नर जुन्या नायकाला हुसकावून कळप ताब्यात घेतो, आधीच्या नायकाची अंगावर पिणारी पिले मारली जातात, आणि कालांतराने नव्या नायकाची संतती कळपात वाढू लागते. वानरांच्या या वर्तनाचे निरीक्षण युकिमारू सुगियामा यांनी १९६० नंतरच्या दशकात धारवाडच्या परिसरात केले होते, आणि अबूच्या वानरांवरील सारा हर्डी यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. माडगूळकरांनी ही सामग्री मराठी कथनात अशी मुरविली की तिचा शास्त्रीय उगम कोठेही टोचत नाही. त्यांची वाक्ये लहान, क्रियापदप्रधान आणि टीकाटिप्पणीपासून अलिप्त आहेत. १९८३ मध्ये साहित्य अकादमीने या कृतीचा गौरव केला.

'सत्तांतरा'चे महत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने असे की, अरण्यातील नूतनीकरण निःशब्द असले तरी ते निर्दोष वा कोमल असतेच असे नाही, ही जाणीव त्याने दिली. पिढी बदलते तेव्हा कोणाचे तरी पिलू जाते. अरण्यात शांती शोधू पाहणाऱ्या नागर वाचकाला ही कादंबरी अस्वस्थ करते, आणि ते तिचे यश आहे. तथापि तिच्या शीर्षकातील राजकीय अर्थच्छटेने तिचे वाचन बरेचसे एकांगी झाले. सत्तेचे रूपक शोधण्याच्या भरात समीक्षकांनी अरण्याला पार्श्वपट मानले. ज्ञानेश्वरांच्या अश्वत्थाच्या बाबतीत जे अभिप्रेतच होते, ते येथे वाचकांनी लादले; प्राणी व वृक्ष पुन्हा एकदा दुसऱ्या कशाची तरी खूण ठरले.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे लेखन या पार्श्वभूमीवर वेगळे उठून दिसते. वनखात्याच्या दीर्घ सेवेत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या अरण्यांत त्यांचे वास्तव्य घडले. सोलापूर येथे २००६ मध्ये भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. 'रानवाटा', 'रातवा', 'घरट्यापलीकडे' आदी पुस्तकांतील लेखांना एकाच वर्षाची चौकट नाही. तेच तळे, तीच झाडी, तीच पाऊलवाट अनेक वर्षांच्या अंतराने पुन्हा येते, आणि या पुनरागमनामुळे काळाची जी खोली निर्माण होते ती मासिकचक्रात शक्य नव्हती. दुसरे वैशिष्ट्य नावांचे. पाखरू, झाड, गवत यांचा उल्लेख ते जातिवाचक शब्दाने न करता रानातील माणसे ज्या नावाने ओळखतात त्या नावाने करतात. 'शब्दांचं धन' हे एका पुस्तकाचे शीर्षकच त्या दृष्टीने सूचक आहे. एखाद्या वस्तूला नाव मिळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांचा सहवास लागतो. म्हणून ज्या गद्यात अशी नावे सहज येतात, त्यात अरण्याच्या दीर्घ काळाचा काही अंश आपोआप उतरतो. जुने झाड तेथे दृश्याचा भाग म्हणून उभे नसते. त्यावर कोण राहते, त्याची साल कोणाच्या उपयोगाची, त्याविषयी कोणती समजूत प्रचलित आहे, हे सर्व त्याच्याभोवती गोळा झालेले असते.

या लेखनाचे दोषही सांगितले पाहिजेत. पाहिलेले आणि ऐकलेले यांच्यातील सीमा चितमपल्ली अनेकदा धूसर ठेवतात. लोकसमजूत ही लोकसमजूत म्हणून आली तर ती मौलिक सामग्री ठरते. निरीक्षणाच्या शेजारी त्याच स्वरात आली तर दोहोंचीही विश्वसनीयता उणावते. शिवाय अद्‌भुताची ओढ त्यांना कधी कधी अशा स्थळी नेते की, तेथे साध्या वस्तुस्थितीतच अद्‌भुत पुरेसे होते. वरून मरणाऱ्या आणि खालून वाढणाऱ्या सालरोपाला कोणत्याही दंतकथेची गरज नाही. परंतु या उणिवा मान्य करूनही असे म्हणावे लागते की, जीर्णतेकडे नव्याचे अधिष्ठान म्हणून पाहण्याची शक्यता मराठी गद्यात सर्वाधिक याच लेखनाने खुली केली.

या दृष्टीला मराठी प्रदेशात एक फार जुना आधार होता. तो ग्रंथात नव्हता, आचारात होता. सह्याद्रीच्या व कोकणाच्या गावोगावी राखलेल्या देवरायांत कुऱ्हाड चालवू नये एवढाच नियम नसे. अनेक ठिकाणी पडलेले, वाळलेले लाकूडही उचलू नये असा दंडक असे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात या रायांचा जो पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने या आचाराकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पडलेले लाकूड देवाचे, ही भाषा श्रद्धेची आहे. तिचा परिणाम मात्र असा झाला की खोडाची माती तेथेच झाली, ढोल्या राहिल्या, आणि भोवतालचे डोंगर उघडे पडल्यावरही त्या राया जीर्ण राहून नव्या होत गेल्या. पुढे १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून मृत, रोगट, मरणोन्मुख वा वाऱ्याने पडलेली झाडे हलविण्यास मनाई केली. देवराईचा दंडक आणि न्यायालयाचा आदेश यांची भाषा सर्वस्वी भिन्न असली, तरी दोहोंनी राखलेली वस्तू एकच आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या योगायोगाकडे दुर्लक्ष करू नये. कारण एखाद्या समाजाचे निसर्गविषयक आकलन त्याच्या ग्रंथांपेक्षा त्याच्या निषेधांत कधी कधी अधिक स्पष्ट उमटते.

येथे मूळ प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. 'रान पुन्हा येते' हे वाक्य दोन अर्थांनी उच्चारता येते. एका अर्थाने ते कृतज्ञतेचे आहे. दुसऱ्या अर्थाने ते तोडीचे समर्थन ठरते. जे पुन्हा येणारच आहे ते तोडावयास हरकत कोणती, हा युक्तिवाद पालवीच्या प्रतिमेतून सहज निष्पन्न होतो; कारण त्या प्रतिमेत जुने पान गळणे ही नव्याची पूर्वअटच असते. एका दिवसात लावलेली सारख्या वयाची, एकाच जातीची रोपे चार पावसाळ्यांत हिरवी दिसू लागतात, आणि हिरवेपण हीच ज्याची कसोटी आहे त्याला ती अरण्यासारखी भासतात. परंतु त्यांत वठलेला वृक्ष नसतो, ढोली नसते, सावलीत थांबलेले रोप नसते. ज्या वाङ्मयाने आपल्या वाचकाला केवळ पालवी पाहावयास शिकविले, त्याने त्याला हा भेद ओळखण्याचे साधन दिले नाही, असे म्हणणे कठोर असले तरी अन्यायाचे होणार नाही.

याचा अर्थ 'ऋतुचक्रा'चे स्थान उणे करावे असा नाही. मराठी गद्याला वृक्ष प्रथम त्याने दाखविला. वृक्षाखालील कुजणारे खोड पाहण्याचे काम त्याने पुढल्यांसाठी ठेवले. 'सत्तांतरा'ने त्या कामातील कठोरता दाखविली, आणि चितमपल्लींनी त्यासाठी लागणारी शब्दसामग्री जमविली. या तिहींचा एकत्र विचार केला असता मराठी निसर्गलेखनाचा एक विकासक्रम स्पष्ट होतो; तो पानाकडून प्राण्याकडे आणि तेथून संपूर्ण अधिवासाकडे जाणारा आहे. त्याची पुढील पायरी बोलीभाषांत विखुरलेल्या त्या सूक्ष्म शब्दभेदांतून घडेल. वठणे, फुटवा, धुमारा, बुडखा, ढोली, पाचोळा या शब्दांचे प्रदेशवार संकलन आणि त्यांच्या वाङ्मयीन उपयोगाचा इतिहास हा पदव्युत्तर अभ्यासाला योग्य असा विषय असून, त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. जी पिढी हे शब्द रोजच्या व्यवहारात वापरते ती वृद्ध होत आहे. तिच्याकडून ते लिहून घेण्यास फार अवधी उरलेला नाही.